वाचकांचे प्रश्न : कोंबडीखत घरच्या बागेत

कोंबडीखताबद्दल आलेले निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांमागची शंका एकच आहे: खत काळं झालं, वास गेला, मग वापरायला काय हरकत? हरकत अशी की रंगावरून आणि वासावरून रोगजंतू मेले की नाही ते कळत नाही. ते ठरतं ढीग किती तापला, किती दिवस तापला आणि त्यात शेवटची ताजी विष्ठा कधी पडली, यावर.

प्रश्न : आमच्याकडे सहा कोंबड्या आहेत. खुराड्यातली विष्ठा सरळ वाफ्यात घातली तर आठवड्याच्या आत रोपं करपली. शेणाने इतकं नुकसान कधी झालं नाही. मग याने का?

पक्षी वेगळं मूत्र टाकत नाहीत. शरीरातला जादा नत्र (नायट्रोजन) युरिक आम्लाच्या रूपात विष्ठेबरोबरच बाहेर पडतो. विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो तो हाच. ओल मिळाली की जिवाणू त्याचा भराभर अमोनिया करतात. शेणात नत्राच्या मानाने कर्ब (कार्बन) भरपूर असतो, त्यामुळे नत्र हळूहळू सुटतो. कोंबडीच्या विष्ठेत कर्ब आणि नत्राचं गुणोत्तर जेमतेम ६ ते १० असतं, म्हणून तो एकदम सुटतो आणि कोवळ्या मुळ्यांची टोकं जाळतो. त्यात क्षारांची भर पडते. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. पानांच्या कडा आणि शेंडे आधी तपकिरी होतात ते यामुळे.

सध्याच्या वाफ्यात वर पडलेली विष्ठा खरवडून काढा आणि दोन-तीन वेळा भरपूर पाणी देऊन क्षार खाली जाऊ द्या. पाणी साचत असेल तर एकदम न देता दोन दिवसांच्या अंतराने द्या. नवीन पालवी निरोगी फुटेपर्यंत दुसरं कुठलंही खत देऊ नका. आणि त्या वाफ्यात पालेभाजी असेल तर ती कच्ची खाऊ नका. कारण पुढच्या उत्तरांत आहे.

प्रश्न : 'एक भाग विष्ठा, दोन भाग पालापाचोळा' असं प्रमाण सगळीकडे वाचायला मिळतं. आम्ही घमेल्याने मोजून तसंच केलं, तरी ढिगाला डोळे चुरचुरतील इतका वास येतो. कुठे चुकतंय?

मोजण्यात चूक नाही, त्या प्रमाणातच आहे. कुठला माल वापरायचा आणि तो वजनाने मोजायचा की मापाने, हे सांगितल्याशिवाय 'भाग' या शब्दाला अर्थ नाही. ढीग नीट कुजायला सुरुवातीचं कर्ब-नत्र गुणोत्तर २५ ते ३० लागतं. वाळलेल्या पानांत ते साधारण ५० असतं, भाताच्या पेंढ्यात ६०च्या आसपास, लाकडाच्या भुशात ४००च्या घरात. त्या हिशेबाने १० किलो ताज्या, ओल्या विष्ठेला वाळलेली पानं १२ ते १३ किलो लागतात, पेंढा १० ते ११ किलो, आणि भुसा फक्त ५ ते ६ किलो.

आता हेच घमेल्याच्या मापात बघा. भुसा विष्ठेच्या अडीचपट भरतो. म्हणजे तुम्ही वाचलेलं प्रमाण भुशाला जवळपास लागू आहे. वाळलेली पानं मात्र हलकी आणि फुगीर, ती आठ-दहापट लागतात. पानं वापरून एकास दोन केलं की नत्र खूपच जास्त होतो आणि तो अमोनिया होऊन उडून जातो. वास येतो तेव्हा तुमचं खतच हवेत चाललेलं असतं.

नुसता भुसा वापरू नका. त्यातला कर्ब लवकर कुजत नाही, शिवाय तो दबून बसतो आणि हवा खेळत नाही. निम्मा भुसा आणि निम्मा पेंढा किंवा पानं हे मिश्रण उत्तम चालतं. प्लायवूडचा किंवा रसायन लावलेल्या लाकडाचा भुसा अजिबात घेऊ नका.

पाण्याचं प्रमाणही मालाप्रमाणे बदलतं. पानांच्या मिश्रणात १० किलो विष्ठेमागे ९ लिटरच्या आसपास पाणी घालावं लागतं. पानं आदल्या दिवशी भिजवून ठेवली तर काम सोपं होतं. भुशाच्या मिश्रणात विष्ठेतली ओलच जवळजवळ पुरते.

गादी पद्धतीच्या (जमिनीवर तुसाचा थर पसरून कोंबड्या ठेवलेल्या) शेडमधलं, तूस मिसळलेलं खत आणत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यात तूस आधीच आहे म्हणून पानं कमी लागतील असं वाटतं, पण होतं उलटं. गादी कोरडी असते, त्यामुळे किलोमागे नत्र ताज्या विष्ठेपेक्षा जास्त भरतो. १० किलो गादीला १४ ते १५ किलो वाळलेली पानं आणि तब्बल २० लिटर पाणी लागतं.

ओलावा तपासायला मिश्रण मुठीत घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकावा. धार लागली तर ओल जास्त, गोळा फुटला तर कमी.

प्रश्न : ढीग किती मोठा करायचा, कधी पलटायचा, आणि खत तयार झालं हे नेमकं कसं ओळखायचं?

लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी किमान १ मीटर. याहून लहान ढिगाची उष्णता बाजूंनी निघून जाते आणि मधला भागही पुरेसा तापत नाही. जागा सावलीची, पाणी न साचणारी आणि विहिरीपासून किंवा कूपनलिकेपासून निदान ३० मीटर लांब असावी. तळाला १५ ते २० सेंटिमीटर जाड काटक्या-फांद्यांचा थर द्या, म्हणजे खालून हवा शिरते. त्यावर विष्ठा आणि पालापाचोळा नीट कालवून टाका. थर रचण्यापेक्षा कालवणं चांगलं, कारण थरांमध्ये विष्ठेची वडी तयार होते आणि ती आतून तशीच राहते. वर दोन बोटं जाडीचा कोरड्या पाल्याचा थर आणि पावसापासून आडोसा. प्लास्टिक अंगाला चिकटवून गुंडाळू नका.

प्रमाण जमलं असेल तर दोन-तीन दिवसांत मधलं तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जातं. सॅल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि ई-कोलाय या रोगजंतूंचा बंदोबस्त याच टप्प्यात होतो. उघड्यावरच्या ढिगासाठी मान्य कसोटी अशी: तापमान ५५ अंशांच्या वर निदान १५ दिवस, आणि त्या काळात निदान ५ वेळा पलटणी. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी एकदा. पलटणी म्हणजे नुसतं वरखाली करणं नव्हे. ढिगाची बाहेरची साल थंड असते, त्यातले जंतू जिवंत असतात. ती साल फावड्याने वेगळी काढून दर वेळी नव्या ढिगाच्या पोटात गेली पाहिजे.

तापमान लांब दांड्याच्या थर्मामीटरने, ३० ते ४० सेंटिमीटर खोल, तीन-चार ठिकाणी घ्या. लोखंडी सळई १० मिनिटं खुपसून ठेवली आणि हातात धरवली नाही तर ढीग तापलाय एवढं कळतं, पण ५० आणि ५५ मधला फरक कळत नाही. पालेभाज्या आणि मुळं-कंद यांच्यासाठी खत करायचं असेल तर थर्मामीटरला पर्याय नाही. पारा ७० च्या पुढे गेला तर ढीग मोडून पाणी शिंपडा. इतक्या उष्णतेत कुजवणारे जिवाणूही मरतात आणि काम थांबतं.

पलटल्यावरही ढीग पुन्हा तापत नाही, तेव्हा तापण्याचा टप्पा संपला. पण खत तयार झालेलं नाही. यापुढे किमान दोन महिने झाकून, किंचित ओलसर ठेवून मुरू द्या. घाई होते ती इथेच. न मुरलेल्या खतात अमोनिया आणि सेंद्रिय आम्लं शिल्लक असतात आणि ती बी उगवू देत नाहीत.

खात्री करायची सोपी रीत: ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि तीन-चार दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर आंबट किंवा अमोनियाचा वास आला, किंवा आत हाताला ऊब लागली, तर आणखी मुरवा. वास मातीचा आला तर पुढची चाचणी घ्या. निम्मं खत आणि निम्मी माती अशा कुंडीत मुळ्याचे २० दाणे पेरा, शेजारी नुसत्या मातीत २० दाणे. आठवडाभरात दोन्हीकडे जवळपास सारखी उगवण झाली आणि खतातल्या रोपांची पानं वाकडी किंवा करपलेली नसली तर खत तयार आहे.

प्रश्न : आमच्या ड्रममध्ये रोज खुराड्यातली विष्ठा आणि सुका पाला पडतो. खालून काळं, भुसभुशीत खत निघतं आणि वर्षभर वापरतो. कधी त्रास झाला नाही. हे सुरक्षित आहे ना?

नाही. हे उत्तर स्पष्ट देणं आम्हाला गरजेचं वाटतं, कारण सर्वांत जास्त घरांत हीच पद्धत आहे. रोज थोडी-थोडी भर पडणारा ड्रम क्वचितच ५५ अंशांवर टिकतो. शिवाय वरच्या ताज्या विष्ठेतला द्रव रोज खाली झिरपतो आणि तयार दिसणाऱ्या खतात पुन्हा जंतू जातात. खालचं खत सहा महिन्यांचं आहे असं तुम्ही धरता, पण त्यावर झिरपलेला थेंब कालचा आहे. दिवस मोजायचे ते शेवटची ताजी भर पडली त्या दिवसापासून.

दोन ड्रम किंवा दोन कप्पे ठेवा. एक भरत असताना दुसरा बंद. भरलेला ड्रम बंद केल्याची तारीख त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहा आणि त्यानंतर त्यात काहीही टाकू नका. त्याहून चांगलं म्हणजे रोजची विष्ठा मापाने तिच्या दुप्पट-तिप्पट भुशात मिसळून कोरडी साठवा आणि पुरेशी झाली की एकदम मोठा ढीग रचा. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम विष्ठा टाकते. सहा कोंबड्यांची महिन्याला २० किलोच्या आसपास. तेवढ्यात एक घनमीटरचा ढीग भरायला बरेच महिने लागतात. मध्ये गवताची कापणी आणि भाज्यांची देठं-सालं मिळाली तर ती घालून लवकर भरता येतो.

ढीग तापवणं शक्यच नसेल तर दुसरा मार्ग वेळेचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय सेंद्रिय मानकांत न तापवलेलं खत मातीत मिसळल्यापासून काढणीपर्यंत अंतर ठरवून दिलं आहे: खायचा भाग मातीला लागत असेल तर १२० दिवस, लागत नसेल तर ९० दिवस. तुमच्या ड्रममधलं खत या नियमाने वापरा. म्हणजे पालेभाजी, मुळा, गाजर यांच्या वाफ्यात नकोच; फुलझाडं, शोभेची झाडं आणि फळझाडं यांना द्या.

प्रश्न : अमोनियाचा वास मारायला ढिगावर चुना भुरभुरावा असं सांगितलं जातं. बरोबर आहे का?

अजिबात नाही. चुन्याने सामू (पीएच) वाढतो, आणि तो वाढला की ढिगात धरून ठेवलेला अमोनियम वायू होऊन आणखी वेगाने सुटतो. वास वाढेल आणि नत्र जाईल. चुलीतली राखही याच कारणासाठी नको. कोरडा पाला किंवा भुसा मिसळून ढीग पलटा.

सडक्या अंड्यासारखा वास असेल तर दुखणं वेगळं आहे: ओल जास्त, हवा कमी. तेव्हा जाड काटक्या, कणसाचे दांडे असा भरड माल घालून ढीग मोकळा करा.

प्रश्न : ढीग पहिल्या आठवड्यात चांगला तापला, मग थंड पडला. आत पांढरट राखेसारखं काहीतरी दिसतं. बुरशी लागली का?

तो पांढरा भाग वाळल्याची खूण आहे. ढीग तापताना भरपूर वाफ निघून जाते आणि पोट कोरडं पडतं. वरून बादलीभर पाणी ओतून उपयोग नाही, ते बाजूंनी ओघळतं. ढीग मोडून, थर पसरत, झारीने पाणी देत पुन्हा रचा. ओल मुठीच्या चाचणीत बसली की दोन दिवसांत पारा चढतो. हे काम करताना मास्क हवाच, कारण ती पांढरी धूळ फुप्फुसांना त्रासदायक असते.

प्रश्न : विकतच्या गोणीवर 'कुजवलेलं कोंबडीखत' लिहिलेलं असतं. तसंच वापरावं का?

गोणी उघडल्यावर नाकात झिणझिण्या आल्या, आतून गरम लागली, पिसं आणि विष्ठेचे गोळे ओळखू आले तर ते फक्त वाळवलेलं आहे. वाळवल्याने वजन कमी होतं आणि वास दबतो. पाणी मिळालं की अमोनिया पुन्हा सुटतो. असं खत ताज्या मालासारखंच ढिगात घाला. चांगलं दिसलं तरी वर सांगितलेली पिशवीची आणि मुळ्याची चाचणी घ्या.

प्रश्न : तयार खत किती आणि कशाला घालायचं?

वाफ्याला दर चौरस मीटरला १ ते दीड किलो, पेरणी किंवा लावणीच्या दोन आठवडे आधी, वरच्या १० ते १५ सेंटिमीटर मातीत मिसळून. कोबी, मका, भोपळा अशा खादाड पिकांना २ किलोपर्यंत चालतं. शेंगवर्गीय पिकं स्वतःचा नत्र मिळवतात, त्यांना निम्म्याहून कमी पुरे. टोमॅटोला आणि मिरचीला जास्त दिलं तर झाड हिरवंगार माजतं आणि फळं उशिरा, थोडी लागतात. फळझाडाला २ ते ३ किलो, फांद्यांच्या घेराखाली, बुंध्यापासून निदान ३० सेंटिमीटर सोडून.

कुंडीत हात आखडता ठेवा. १० लिटरच्या कुंडीत अर्धा ते जास्तीत जास्त १ लिटर. कुंडीत क्षारांना जायला जागा नसते.

अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि ते विष्ठेत उतरतं. त्यामुळे आम्लधर्मी माती आवडणाऱ्या अझेलियासारख्या झाडांना हे खत मानवत नाही.

प्रश्न : विष्ठा पाण्यात भिजवून, आठवडाभर आंबवून झाडांवर फवारतो. झाडं टवटवीत होतात. चालेल का?

फवारू नका. बादलीत उष्णता नसते, म्हणून जंतू मरत नाहीत. गुळासारखं काही गोड घातलं असेल तर ते उलट वाढतात. मग तेच पाणी तुम्ही खायच्या पानांवर मारता. द्रव खतच हवं असेल तर पूर्ण तापवलेलं आणि मुरलेलं खत दहापट पाण्यात एक दिवस भिजवा, गाळा आणि फक्त मातीत द्या. कच्च्या खायच्या भाज्यांना तेही नको.

प्रश्न : खुराडं साफ केल्यावर घरातल्या एकाला ताप आणि कोरडा खोकला आला. संबंध असू शकतो का?

असू शकतो. डॉक्टरांना दाखवा आणि कोंबड्यांच्या विष्ठेशी संपर्क आला हे न विसरता सांगा. ते कळल्याशिवाय हिस्टोप्लाझ्मोसिससारख्या बुरशीजन्य आजाराकडे लक्ष जात नाही. त्याचे बीजाणू पक्ष्यांच्या विष्ठेने समृद्ध झालेल्या मातीच्या धुळीतून श्वासात जातात.

सुकी विष्ठा कधीही कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, मग फावड्याने उचला. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, फक्त याच कामाची पादत्राणं. हातावर जखम असेल तर झाका, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असू द्या. कच्च्या मालाचं फावडं आणि तयार खताचं फावडं वेगळं ठेवा. एकच असेल तर साबणाने धुऊन वाळवा. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं या कामापासून लांबच बरी. कोंबड्या अचानक एकामागून एक मरत असतील तर त्यांची विष्ठा हलवूसुद्धा नका, आधी पशुवैद्यकांना कळवा.

प्रश्न : गांडूळखताच्या खड्ड्यात कोंबडीची विष्ठा घातली तर गांडुळं बाहेर पळाली, काही मेली.

अमोनिया आणि क्षार त्यांना सहन होत नाहीत. विष्ठा आधी ढिगात तापवून, थंड करून, मग इतर कुजलेल्या मालाच्या पाव भागाइतकीच घाला. आधी एका कोपऱ्यात थोडी टाकून बघा. दोन दिवसांत गांडुळं तिकडे वळली तर बाकीची घाला.

प्रश्न : तीन-चार वर्षं दर हंगामाला हेच खत घालतो आहे. आता कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या. नत्र कमी पडला का?

नत्राची कमतरता आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसते. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर संशय लोहावर घ्यावा. पानं लहान राहून पेरं आखूड झाली असतील तर जस्तावरही. कोंबडीखतात नत्राच्या मानाने स्फुरद (फॉस्फरस) जास्त असतं. पिकाची नत्राची गरज भागेल इतकं खत दर हंगामाला घातलं की स्फुरद पिकाच्या उचलीपेक्षा जास्त पडतं आणि मातीत साठत जातं. जादा स्फुरद आणि वाढलेला सामू मिळून लोह-जस्त अडवून धरतात. अशा वेळी आणखी खत घातलं तर दुखणं वाढतं.

माती परीक्षण करून घ्या. स्फुरद, सामू आणि क्षारता हे तीन आकडे मागा. स्फुरद जास्त निघालं तर दोन वर्षं कोंबडीखत पूर्ण बंद ठेवा आणि त्या जागी नुसत्या पालापाचोळ्याचं खत घाला. नत्रासाठी मध्ये एक शेंगवर्गीय पीक घ्या. पिवळेपणा फार असेल तर लोहाची फवारणी तात्पुरती उपयोगी पडते. पुढे कोंबडीखत वर्षाआड एकदा, तेही १ किलोच्या आत, एवढंच पुरे.